घारीच्या टायरात हात

ट्रकच्या टायरात तुम्ही कधी हात घातला आहे का? बाहेरून थोपटणं नव्हे, लाथ मारून हवा पाहणं नव्हे. आत, खांद्यापर्यंत. नसेल घातला, तर अवकाशयानांबद्दल आजवर जे काही वाचलं असेल ते घटकाभर बाजूला ठेवा आणि शामला गजभियेची गोष्ट ऐका. घाई असेल तर पान उलटा. ही बाई घाईवाल्यांची नाही.

शामला बावन्न वर्षांची, नागपूरच्या इंदोऱ्यात राहणारी. बाप बळीराम कामठी रोडवर पंक्चर काढायचा. दुकान म्हणजे एक बाभूळ, एक हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. मुलगा नव्हता म्हणून त्यानं पोरीला दुकानात बसवलं असं वस्तीतले लोक सांगतात, ते खोटं आहे. मुलगा होता. त्याचं डोकं शाळेत चालायचं आणि पोरीचा हात टायरात चालायचा, आणि बळीरामाला दोन्हींची सारखीच किंमत होती. तो तिला म्हणायचा, "डोये मिटून पाह्य, शामले. डोया फसवते, बोट नाई फसवत."

पुढे हिंगणा रोडच्या एका रिमोल्डच्या कारखान्यात ती लागली. घासलेल्या टायरवर नवा रबर चढवायचा कारखाना. रबर कोणीही चढवतं, पण हा टायर त्या लायकीचा उरला आहे की नाही हे आधी सांगावं लागतं, आणि ते सांगण्याचं काम सत्तावीस वर्षं शामलाचं. टायर आला की आधी त्याला आंघोळ. कारखान्यात त्याला आंघोळच म्हणतात. माती, शेण, डांबर सगळं धुवायचं, फडक्यानं आतून कोरडं करायचं, मग लोखंडी पंजानं त्याचं तोंड फाकवून ती हात घालायची. कुठं फुगा, कुठं तुटलेली तार, कुठं दाबलं तर मऊ. मग हातात खडू. चांगला असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. ड्रायव्हर समोर उभा असतो, त्याची गाडी जॅकवर असते, त्याला लगेच हो किंवा नाही पाहिजे असतं. सत्तावीस वर्षांत शामलानं तिसरी खूण कधी काढली नव्हती. कारण तिसरी खूण नव्हतीच.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगी स्कूटीवरून आली आणि दारात उभी राहिली. पाठीवर सॅक, पायात धुळीनं भरलेले बूट. एक तास झाला, दोन झाले, हलेना.

"काय पाह्यजे वं तुले?" शामला खेकसली. "टायर दिसून नाई राहिला तुह्यापाशी. अन् फोटो काढशील तर मोबाईल घेऊन घेईन."

"मी भैरवी. बुटीबोरीत काम करते. आम्ही विमानासारखं एक यान बनवतोय, वर जाऊन परत येणारं."

"मंग?"

"ते परत येतं, ताई. पण परत आल्यावर पुन्हा पाठवायचं की नाही, हे आम्हाला कळत नाही."

शामला हसली. हा तर तिचाच धंदा होता.

आता रॉकेटचं थोडं सांगितलं पाहिजे, आणि ते सोपंच आहे. अवघड करून सांगणारे लोक आपली खुर्ची वाचवत असतात. रॉकेट आजवर उडत आलं ते बहुतेक एकदाच. वर गेलं, सामान सोडलं, आणि स्वतः जळालं किंवा समुद्रात पडलं. नागपूरहून पुण्याला माल पोचवायचा आणि पोचला की ट्रक नदीत ढकलून द्यायचा, असा हा कारभार. जगात मोजक्या लोकांना ते परत उतरवणं जमू लागलं आहे, बाकीचे धडपडतायत. परतीसाठी पंख लावा, चाकं लावा, ब्रेक लावा, की तेवढं वजन वाढलं आणि वर न्यायचं सामान कमी झालं. परतताना हवेच्या घर्षणानं अंग भाजून निघतं ते वेगळं. उतरताना इंजिन बंद, म्हणजे धावपट्टी हुकली तर पुन्हा फेरी मारायची सोय नाही. आणि वेग प्रवासी विमानापेक्षा जास्त. एवढं सगळं करून ते उतरलंच, की खरी डोकेदुखी सुरू होते. नव्या भागाबरोबर कारखान्याचा कागद येतो. वापरलेल्या भागाबरोबर काय येतं? त्यानं काय काय सोसलं हे त्यालाच माहीत, आणि तो बोलत नाही.

भैरवीच्या कंपनीत तीस माणसं. कापडगिरण्यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड, त्यात मेटॅडोरएवढं एक नमुना यान. ते अजून अवकाशात गेलेलं नव्हतं. हेलिकॉप्टरनं उचलून उंचावर न्यायचं, सोडून द्यायचं, आणि ते आपल्या आपण तरंगत धावपट्टीवर उतरतं का हे पाहायचं. कामगारांनी त्याचं नाव घार ठेवलं होतं. मागच्या दोन चाकांचे टायर परदेशातून आलेले, मागवले की पाच महिन्यांनी मिळणारे, आणि देणाऱ्यानं स्पष्ट लिहिलेलं की एकदा उतरलात की फेका. दुसऱ्यांदा वापरलात तर तुमचं तुम्ही पाहा.

म्हणून शामला. बुधवारी आणि शनिवारी ती बुटीबोरीला जाऊ लागली.

पहिल्या दिवशी शेडचे प्रमुख बाबाराव ठवकर यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. वायुदलात विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलेला माणूस, शर्टाच्या बाहीची घडी सुद्धा पट्टीनं आखल्यासारखी.

"जयभीम साहेब," शामला म्हणाली.

"जयभीम. शिक्षण?"

"आठवी. पन्नास हजार टायर. कमीच सांगून राहिली, जास्त असतीन."

बाबारावांच्या मिशा थोड्या हलल्या. हसले की चिडले ते कळलं नाही. पण त्यांनी भिंतीवरचा एक कागद तिला वाचायला लावला. भैरवीनं मराठीत लिहिलेला नियम होता: चाक काढल्यावर टायर आहे तसा पाहायचा, फोटो काढायचा, आत काय सांडलं आहे ते टिपायचं, मग पुसायचं. शामलानं वाचला, मान हलवली. पहिल्या उड्डाणानंतर तिनं तसंच केलं. टायर पास झाला, घार त्याच टायरांवर दुसऱ्यांदा उतरली, आणि शेडमध्ये पेढे वाटले गेले. इंदोऱ्यात तिची आई, पंचाहत्तरीची प्रयागबाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटली, "आमच्या शामलीनं हो म्हटलं तवाच ते खाली उतरते."

तिसरं उड्डाण ठरलं एका शुक्रवारी. हेलिकॉप्टर त्या एकाच दिवसासाठी मिळालेलं. बुधवारी टायर तपासायला शामलापुढे आले तेव्हा शेडमध्ये धांदल होती; संध्याकाळी यान ट्रेलरवर चढवून दोन जिल्हे पलीकडच्या धावपट्टीवर न्यायचं होतं. एकजण म्हणाला, "ताई, लवकर." शामलानं कमरेचं फडकं ओलं केलं, दोन्ही टायर आतून स्वच्छ पुसले, फडकं पिळलं, हात घातला. डोळे मिटले. सगळं गुळगुळीत. एकावर बरोबर, दुसऱ्यावर बरोबर. झालं.

काय झालं ते तिच्या लक्षातच आलं नाही. सत्तावीस वर्षांच्या हातानं आधी आंघोळ घातली होती.

गुरुवारी सकाळी ती हिंगण्याला आपल्या कारखान्यात होती. नरखेडहून संत्री घेऊन आलेला एक ड्रायव्हर, अंकुश नाव, टायर घेऊन आला. घाईत त्यानं तो स्वतःच उलटा केला, आणि आतून काळं पीठ भसकन जमिनीवर सांडलं. मूठभर.

"हे काय आहे बे?" शामला भडकली.

"माती असन, ताई."

"माती? रबर आहे हे! हवा कमी असताना गाडी पळवली तू. आतला थर आतल्याआत रगडला, त्याचं पीठ झालं. घाटात फुटला असता म्हंजे? तुह्या बायकोले काय सांगतलं असतं, माती होती म्हून?"

"हवा चेक केली होती ना मी..."

"लाथ मारून! तुमी सारे लाथ मारूनच पाह्यता!"

आणि बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं. काल तिनं फडकं पिळलं तेव्हा पाणी काळं निघालं होतं. काळंच होतं ना? का मातकट? डाव्या टायरातून का उजव्या? तिनं पाहिलंच नव्हतं. बादली मोरीत ओतून ती हात घालायला गेली होती. उतरताना टायर क्षणभर चपटा होतो. आतला थर सुटायला लागला असेल तर सगळ्यात आधी असं पीठ दिसतं. बोटाला फुगा लागतो तो नंतर, कधी कधी फार नंतर. ते पीठ होतं की नव्हतं, हे सांगणारी एकच गोष्ट जगात होती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं धुवून टाकली होती.

अंकुश म्हणाला, "ताई, मंग फुली का?"

तिनं फुली मारली आणि मागच्या बाजूला रबराच्या पोत्यांवर जाऊन बसली.

इथं शामलाच्या जागी बसून पाहा. गप्प राहिली तर कोणाला कळणार? बहुतेक काही होणारही नाही. घार उतरेल, पेढे येतील. बोलली तर काय? आठवी शिकलेली, पंक्चरवाल्याची पोरगी, एक साधा नियम पाळता आला नाही. पुन्हा त्या शेडच्या दारात कोणी उभं करेल? आणि पुढे हिंगण्याची, कामठी रोडची दुसरी कोणती बाई तिथं गेली, तर तिला आधी शामलाचं उदाहरण ऐकवतील. आपल्या लोकांची चूक एकट्याची राहत नाही, सगळ्यांच्या नावावर जाते. हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

पण दुसरीकडे घार होती. एकच होती. तीन वर्षांची, तीस माणसांची. टायर उतरताना फुटला तर त्या वेगात ती पट्टीवरून घसरत, उलटत जाईल आणि मागे उरतील फक्त पत्रे.

तिनं भैरवीला फोन लावला.

"बोला ताई! इथं सगळं मस्त चाललंय."

"भैरवी, माह्या खुणा पुसून टाक."

"म्हणजे?"

शामलानं सांगितलं. फडकं, बादली, पीठ, सगळं. पलीकडे वाऱ्याचा आवाज, मग फोन बाबारावांच्या हातात.

"टायर फेल आहे का, बाई?"

"नाई साहेब."

"मग पास आहे?"

"नाई."

"अरे मग आहे तरी काय?"

 पन्नास हजार टायर झाले होते, आणि हे वाक्य तोंडातून कधी निघालं नव्हतं.

"मले नाई माहीत, साहेब."

"आत्ता? हेलिकॉप्टर उद्या सकाळी येऊन राहिलं, अन् तुम्हाले आत्ता नाई माहीत?" एरवी पुस्तकी बोलणाऱ्या बाबारावांचंही नागपूर चिडल्यावर बाहेर आलं.

फोन पुन्हा भैरवीकडे गेला.  शामलाला वाटलं, आता रडते किंवा शिव्या देते. दोन्हींची तिची तयारी होती. पण पोरीनं वेगळंच विचारलं.

"ताई, पुसायच्या आधी तुम्ही नेमकं काय पाहिलं होतं? अंदाज नको. फक्त पाहिलेलं सांगा."

"काईच नाई पाह्यलं."

"बरं. म्हणजे आपल्याकडे माहिती नाही. माहिती नसेल तर उडवायचं नाही. थँक्यू, ताई."

आणि तिनं फोन ठेवला. त्या थँक्यूवर शामला दिवसभर चिडून होती. टोमणाच असणार, असं तिला वाटत राहिलं. घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा प्रयागबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग? खोटं बोलाले पाह्यजे होतं का तू? तुह्या बापानं कोणाच्या सायकलीत खोटी हवा भरली नाई."

"नोकरी गेली माही तिथली, माय."

"गेली त गेली. हात त आहे ना जागेवर?"

शुक्रवारी घार उडाली नाही. शनिवारी शामला बुटीबोरीला गेली ती हिशोब मिटवून घ्यायच्या तयारीनं, डबा न घेता. शेडमध्ये सगळे जमलेले, मधोमध ते दोन टायर. ठरलं होतं की उजवा बाहेरगावी मशीनवर तपासायला पाठवायचा आणि डावा कापायचा. बाबारावांनी करवत तिच्यासमोर धरली.

"कापा. तुम्हीच कापा."

तिनं कापला. टायर उभा चिरून भाकरीसारखा उघडला. सगळे वाकले. शामलानं थरावर थर बोटानं तपासला, नखानं खरवडला, उजेडात धरला. कुठं सुटलेलं नाही, कुठं रगडलेलं नाही. आत काहीही झालेलं नव्हतं. टायर ठणठणीत होता.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. एका फडक्यापायी उड्डाण गेलं होतं, आधीच मागवून ठेवलेले नवे टायर आणि पुन्हा हेलिकॉप्टर मिळायला आता अडीच महिने, आणि वर चांगला टायर कापून बसलो. शामलाच्या कानशिलातून आग निघाली. "बोला ना," ती ओरडली, "काय बोलाचं ते बोलून टाका! असं मुक्यावानी काहून पाहून राहिले?"

भैरवी खाली बसली होती, त्या चिरलेल्या टायरावरून बोट फिरवत. ती म्हणाली, "ताई, दोन वेळा उतरलेला टायर आतून कसा दिसतो, हे आपण आज पहिल्यांदा पाहिलं. आधी दोनदा पास म्हटलं, पण आत काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मला नव्हतं, तुम्हाला नव्हतं. आता निदान एक टायर माहीत झाला."

बाबाराव खाकरले. "वायुदलात," ते सावकाश म्हणाले, "माझ्या हातून एकदा एक पाना इंजिनात राहिला असं वाटलं. मोजणीत कमी भरला तेव्हा मी जाऊन सांगितलं. विमान रोखलं, सगळं उघडलं, पाना सापडला टूलबॉक्सच्या मागं. इंजिनात नव्हताच. कमांडरनं मला सगळ्यांपुढं शाबासकी दिली. मला तेव्हा फार लाज वाटली होती." मग ते शामलाकडे न पाहता म्हणाले, "गुरुवारी तुमच्यावर ओरडलो. विसरलो होतो मी ते. बसा, चहा घ्या. डबा आणला नाही वाटतं?"

शामला रडणारी बाई नाही. त्या दिवशी तिला धूळ लागली डोळ्यात, असं ती सांगते.

त्याच दिवशी शेडमध्ये तिसरी खूण सुरू झाली: खडूनं एक गोल. गोल म्हणजे माहीत नाही. गोल काढणाऱ्याला कोणी बोलायचं नाही, आणि गोल असलेला भाग उडवायचा नाही. मशीनवर गेलेला उजवा टायरही तीन आठवड्यांनी चांगला निघाला. अडीच महिन्यांनी घार नव्या टायरांवर तिसऱ्यांदा उतरली, सरळ, पट्टीच्या मधोमध. शामलानं या वेळी फडकं घरीच ठेवलं होतं. पांढरा कागद पसरून त्यावर टायर झटकला, आणि जे दोन चिमूट सांडलं त्याचा फोटो काढून वजन केलं. पण उतरल्या उतरल्या सगळ्या यानाची जी तपासणी झाली त्यात सदतीस गोल निघाले: शेपटीचा एक बोल्ट, पंखाखालचा तापलेला पत्रा, कुठल्या कुठल्या तारा. बाबाराव यादी हलवत म्हणाले, "पाहा बाई, उतरायला लागली तीन मिनिटं. पुन्हा उडवायला हे लागणार तीन महिने. तीन दिवसांत जमलं पाहिजे, तर खरं." ते दुःखात बोलत नव्हते. आता निदान कशाला वेळ लागतो हे लिहिलेलं तरी होतं.

आणि अंकुश? शामलानं त्याला शोधून काढला. कळमना बाजारात तो संत्र्याच्या पेट्या उतरवत होता. तिनं त्याच्या हातात बर्फीचा डबा ठेवला.

"ताई, तवा त तुमी माही इज्जत काढली होती. आता बर्फी? टायर बदलला ना मी! हवा बी मीटरनं पाह्यतो!"

"त्याच्यासाठी नाई रे गा. तुह्या टायरातून पीठ सांडलं म्हून माहे डोये उघडले. खाय."

अंकुशला काहीच कळलं नाही. बर्फी मात्र त्यानं लगेच खाल्ली. शामला कोणाकोणाचे उपकार मानते याची यादी करायला बसलात तर त्यात हा ड्रायव्हर बाबारावांच्या वर आहे, आणि भैरवीनं फोनवर विचारलेला तो एक प्रश्न सगळ्यांच्या वर. पोरीनं चूक कोणाची हे विचारलं नाही, काय पाहिलं ते विचारलं. शामलाच्या उभ्या आयुष्यात तसं कोणी विचारलं नव्हतं.

आता तिनं हिंगण्याच्या कारखान्यामागे एक छपरी घातली आहे. रविवारी वस्तीतल्या पाचसहा पोरींना तिथं ती टायर वाचायला शिकवते. पण शिकवायला चांगले टायर पुरत नाहीत. कशानं फुटला, कधी फुटला, फुटायच्या आधी काय दिसत होतं, हे फुटलेल्यालाच विचारावं लागतं, आणि फुटलेले सगळे भंगारात जातात. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. स्कूटरचा असो, ट्रॅक्टरचा असो, ट्रकचा असो, तुमचा टायर फुटला तर विकू नका, जाळू तर अजिबात नका. न धुता, आहे तसा शामलाकडे पोचवा. सोबत एक चिठ्ठी द्या: ओझं किती होतं, हवा कधी पाहिली होती, रबर किती वेळा चढवला होता. आणि जे आठवत नसेल तिथं काहीतरी ठोकून देऊ नका, सरळ एक गोल काढा.